वाज

म्हापशाच्या कोर्टात मी दुभाषी,
एकोणीस वर्षं.
साक्षीदार कोकणीत बोलतो, नोंद इंग्रजीत होते.
मधली पायवाट कुणाला दिसत नाही:
मी मराठीतून जातो.
पेडण्याची शाळा मराठी होती, पायांना तीच सवय.

दावा कामुर्लीचा, सत्त्याण्णव सालचा.
मेरेवरचा एक माड
आणि त्याच्या सावलीपुरती जमीन.
वादी पियेदाद फुर्तादो, वय एकाहत्तर.
प्रतिवादी सख्खा दीर, कायतान.
माड नवव्या वर्षी आपणहून पडला, रात्रीचा,
ना हिच्या बाजूला ना त्याच्या, सरळ मेरेवर आडवा.
दावा उभाच राहिला.

न्यायाधीशांनी विचारलं, मागे का घेताय?
कुणाचा दबाव? काही पैसे?
तिनं काळी पर्स दोन्ही हातांनी धरली.
"माका वाज आयला, सायबा."

टायपिस्ट सुलक्षाची बोटं
माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

आता, वाज.
आधी कानाला वाटलं, वाजणारं काहीतरी.
थंडी वाजते, दार वाजतं, बारा वाजतात.
वाजून वाजून जे गप्प होतं
त्याचं हे नाव असेल?

कंटाळा म्हणू?
कंटाळ्यात मला नेहमी काटा दिसतो.
काट्यांचं आळं, ही माझीच फोड, कोशात शोधू नका:
माडाच्या बुंध्याशी आळं करायचं
आणि पाण्याऐवजी काटे ओतायचे, सव्वीस वर्षं.
जवळ आलो होतो.
पण कंटाळा तर पोरांनाही येतो, रविवारी दुपारी,
आणि साडेचारला जातो.

वीट?
वीट येतो तो रोजच्या त्याच पेजेचा.
शिवाय लिंग बदललं की तोच शब्द
भिंतीत जाऊन बसतो.
तिचं घर चिऱ्यांचं. विटेला तिथे जागा नाही.

उबग, म्हणजे मूळचा उद्वेग,
संस्कृतातून चालत येताना कोपरे झिजलेला.
पण झिजला तरी उद्वेगाचा आवाज चढतो.
हिचा आवाज मीठ मागताना असतो तेवढाच.

बोर नको.
इंग्रजी बोर कुठून आला
ते इंग्रजांनाही नीट ठाऊक नाही,
आणि आपल्याकडे एक झाडाला लागतं, एक जमिनीत मारतात.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा आठवला माझ्या शेजारच्या खोलीतला
कानपूरचा रंगारी.
रात्री फोनवर सासऱ्याला म्हणायचा, मैं तो बाज आया.
बाजचा वाज व्हायला कितीसा वेळ?
ब आणि व एकाच मेरेला राहतात.
खात्री नाही. असं कोर्टात सांगता येत नाही.
पण त्या बाजमध्ये परतणं आहे:
चप्पल तीच, रस्ता तोच,
तोंड फक्त घराकडे.

मी नियम मोडून विचारलं, "कसलो वाज, माये?"

ती म्हणाली,
दर तारखेला आम्ही एकाच बसनं येतो.
तो पुढे बसतो, मी मागे.
सव्वीस वर्षं मी त्याची मान बघते.
केस गेले, ते बघितले.
आता कॉलरच्या वर एक काळा डाग आलाय.
गणेशचतुर्थीला वाटाण्याएवढा होता,
आता वाढलाय.
त्याची बायको वारली, आरशात ते दिसत नाही,
आणि मी सांगू कशी?
आमची केस चालू आहे.

कोर्टात पंखा फिरत होता.
मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, वादी थकली आहे.
सुलक्षानं तेच टाइप केलं.
चूक आहे ते. सही माझी आहे.

मागच्या बाकावर कायतान
कानामागे पंजा धरून शेजाऱ्याला विचारत होता,
कितें म्हणटा ती?
शेजारी काही बोलला नाही.
मग तोच पंजा, हळूहळू,
कानावरून मानेकडे गेला.